भाड्याच्या घरातला स्टुडिओ: जो मीकने काय कमावलं आणि काय गमावलं

घरी रेकॉर्डिंग सुरू करायचं ठरवलं तेव्हा मी सगळ्यात आधी माइक घेतला. तोही बऱ्यापैकी महागाचा, कंडेन्सर. पहिलं रेकॉर्डिंग ऐकलं आणि हिरमुसलो. माझ्या आवाजापेक्षा पंख्याची घरघर, शेजारच्या कुकरची शिट्टी आणि रिकाम्या भिंतींचा घुमारा जास्त ठळक होता. माइकमध्ये काही खोट नव्हती. त्याने खोलीत जे होतं ते इमानदारीने टिपलं होतं. खोलीचा विचार मीच केला नव्हता.

मग यूट्यूबवरचे गिअर रिव्ह्यू बंद केले आणि घरात रेकॉर्डिंग करणाऱ्या जुन्या माणसांबद्दल वाचायला लागलो. त्यात जो मीक भेटला. लंडनमधल्या एका दुकानाच्या वर, भाड्याच्या घरात बसून या माणसाने इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या नंबरवर गेलेलं रेकॉर्ड बनवलं. त्याच्याकडे ना मोठा हॉल होता, ना कंपनीचा पगारी स्टाफ. आज आपण ज्याला होम स्टुडिओ म्हणतो, त्याच्या बहुतेक युक्त्या त्याच्या घरात सापडतात. आणि होम स्टुडिओत काय चुकू शकतं, तेही तिथेच दिसतं.

बागेतल्या शेडपासून सुरुवात

रॉबर्ट जॉर्ज मीक हे त्याचं पूर्ण नाव. जन्म ५ एप्रिल १९२९, इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमधल्या न्यूएंट या छोट्या गावात. घरामागच्या शेडमध्ये मिळतील तिथून सुटे भाग आणून रेडिओ आणि सर्किट बनवणं हा लहानपणापासूनचा नाद. सक्तीच्या लष्करी सेवेत तो हवाई दलात रडार तंत्रज्ञ होता. १९५३ पासून त्याने वीज मंडळात नोकरी केली. तिथे असतानाच त्याने रेकॉर्ड कापण्याचं यंत्र मिळवलं आणि स्वतःची पहिली तबकडी तयार केली.

पुढे तो लंडनच्या स्टुडिओंमध्ये साउंड इंजिनिअर म्हणून लागला. १९५६ मध्ये हम्फ्री लिटलटन यांच्या जॅझ बँडचं 'बॅड पेनी ब्लूज' त्याने रेकॉर्ड केलं. त्या काळची शिस्त अशी, की वादक एका मोठ्या हॉलमध्ये वाजवणार, माइक अदबीने लांब ठेवणार आणि हॉलमध्ये जसं ऐकू येतं तसंच टेपवर उतरलं पाहिजे. मीकने माइक वाद्यांजवळ नेले, पियानोचा डावा हात आणि ड्रमवरचे ब्रश पुढे आणले आणि आवाज कॉम्प्रेसरमधून चांगला दाबून काढला. रेकॉर्ड ब्रिटनच्या पहिल्या विसात गेलं.

कॉम्प्रेसर म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. गाताना एखादा शब्द जोरात येतो, एखादा पुटपुटल्यासारखा. कॉम्प्रेसर जोरातला भाग खाली दाबतो. मग एकूण लेव्हल वाढवली की हळू भागही वर येतो. आवाज घट्ट आणि कानाजवळ वाटतो. आज प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये हा प्लगइन फुकट मिळतो. तेव्हा इंजिनिअर तो सांभाळून वापरत, मीक मात्र मुद्दाम ऐकू येईल इतका वापरायचा.

असा माणूस दुसऱ्याच्या स्टुडिओत किती दिवस टिकणार? १९६० मध्ये त्याने ट्रायम्फ नावाची रेकॉर्ड कंपनी काढण्यात भाग घेतला. तिचं एक गाणं पहिल्या दहात गेलं, पण मागणीइतक्या तबकड्या छापून मिळेनात. त्याच वर्षी त्याने 'आय हिअर अ न्यू वर्ल्ड' हा अंतराळाच्या कल्पनेवरचा विचित्र आवाजांचा अल्बम केला. तेव्हा त्यातला थोडाच भाग बाहेर आला. पूर्ण अल्बम लोकांनी ऐकला तो १९९१ मध्ये.

३०४, हॉलोवे रोड

यानंतर तो उत्तर लंडनमधल्या ३०४, हॉलोवे रोड या पत्त्यावर आला. खाली चामड्याच्या वस्तूंचं दुकान, वर तीन मजल्यांचं भाड्याचं घर. मेजर बँक्स नावाच्या व्यावसायिकाने पैसा घातला. राहायचं तिथेच आणि रेकॉर्डही तिथेच करायचं.

एका खोलीत वादक, शेजारच्या लहान खोलीत टेप मशिन आणि मीक. जमिनीवर वायरींचं जाळं. गायक कोपऱ्यात पडद्याआड उभा करायचा. व्हायोलिनवाले जिन्याजवळ. कोरसवाले बाथरूममध्ये, कारण फरशीवरून आवाज परत येतो आणि फुकटात एको मिळतो. रिव्हर्बसाठी त्याने जुन्या हीटरमधल्या स्प्रिंगा वापरून स्वतःच यंत्र बनवलं. स्प्रिंगेच्या एका टोकाला आवाज दिला की तो पुढेमागे आपटत राहतो आणि दुसऱ्या टोकाला घुमारा मिळतो. बेस गिटारचा आवाज बऱ्याचदा माइक न लावता थेट मशिनमध्ये घ्यायचा. तुमच्या ऑडिओ इंटरफेसवर गिटारचं चित्र असलेलं बटण असतं ना, त्याचं काम हेच.

आता मुख्य अडचण. आपल्या लॅपटॉपवर पन्नास ट्रॅक सहज चालतात. मीककडे त्याच्या गाजलेल्या काळात दोन ट्रॅकचं एक मशिन आणि एका ट्रॅकचं दुसरं मशिन होतं. आधी ताल आणि साथ घ्यायची, दुसऱ्या ट्रॅकवर गायक. मग ते दोन्ही दुसऱ्या मशिनवर उतरवताना सोबत आणखी एक वाद्य वाजवून घ्यायचं. पुन्हा तेच. प्रत्येक फेरीत टेपचा हिस्स आवाज वाढतो आणि एकदा मिसळलेलं परत वेगळं होत नाही. ड्रम जास्त झाला हे तिसऱ्या फेरीत कळलं, तर पहिल्यापासून सुरुवात. म्हणून त्याला प्रत्येक पायरीवर ठरवून पुढे जावं लागायचं. आपण चाळीस ट्रॅक उघडे ठेवून निर्णय उद्यावर ढकलतो, तशी सोय नव्हती.

एक गोष्ट मला फार धीर देऊन गेली. मीकला संगीत लिहिता-वाचता येत नव्हतं. डोक्यातली चाल तो दुसऱ्याच कुठल्या तरी रेकॉर्डवर गुणगुणायचा, तीही बेसूर, आणि वादकांनी त्यातून सूर शोधायचे.

'टेलस्टार'

१९६१ मध्ये जॉन लेटनने गायलेलं 'जॉनी रिमेम्बर मी' ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलं. हॉलोवे रोडच्या घरातून निघालेलं हे गाणं. मग १० जुलै १९६२ ला टेलस्टार हा दळणवळण उपग्रह अवकाशात गेला आणि अटलांटिकपलीकडची चित्रं टीव्हीवर थेट दिसली. मीक भारावून गेला. त्याने त्याच नावाची धून केली आणि टोरनॅडोज या बँडकडून वाजवून घेतली. बँड तेव्हा ग्रेट यारमथला बिली फ्युरीच्या कार्यक्रमात साथ करत होता, त्यामुळे वेळ अगदी कमी. ते साथ वाजवून परत गेले. मुख्य सूर नंतर जेफ गॉडर्डने क्लॅव्हिओलाइनवर भरला.

क्लॅव्हिओलाइन म्हणजे व्हॉल्व्हवर चालणारा छोटा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड. आपल्या कानांना तो परका नाही. १९५४ च्या 'नागिन' सिनेमातली बीन आठवते? ती कल्याणजींनी याच वाद्यावर वाजवली होती. एकाच यंत्रातून मुंबईत नागाची बीन निघाली आणि लंडनमध्ये उपग्रह.

ऑगस्टमध्ये रेकॉर्ड बाजारात आलं. ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिला नंबर. डिसेंबरमध्ये अमेरिकेतही पहिला नंबर, आणि तिथे हा मान मिळवणारा टोरनॅडोज हा पहिला ब्रिटिश रॉक बँड ठरला. बीटल्स अमेरिकेत पोचायच्या एक वर्ष आधीची ही गोष्ट.

१९६४ मध्ये हनीकोम्ब्सचं 'हॅव आय द राइट?' पहिल्या नंबरवर गेलं. त्यातला दणदणीत ठेका ऐका. बँडचे लोक घराच्या लाकडी जिन्यावर पाय आपटत आहेत आणि माइक जिन्याच्या कठड्याला सायकलच्या क्लिपांनी अडकवलेत. हा माणूस घरालाच वाद्य समजायचा.

जिन्याखालची माणसं

इथपर्यंतची गोष्ट सगळे हौसेने सांगतात. पुढची सांगताना घाई करतात, म्हणून मी जरा थांबतो.

त्या जिन्याखाली घरमालकीण व्हायोलेट शेंटन यांचं दुकान होतं. दणदणाट असह्य झाला की त्या झाडूच्या दांड्याने छत ठोकायच्या. मग मीक स्पीकर जिन्यापाशी आणून आवाज आणखी वाढवायचा. हा किस्सा विनोद म्हणून सांगितला जातो.

दरम्यान मीकचं आयुष्य उसवत चाललं होतं. 'टेलस्टार'ची चाल आपल्या सिनेसंगीतातून उचलली, असा दावा एका फ्रेंच संगीतकाराने लावला आणि रॉयल्टीचे पैसे अडकले. मीक समलैंगिक होता आणि त्या काळी इंग्लंडमध्ये तो गुन्हा होता. १९६३ मध्ये त्याला अटक होऊन दंड झाला, बातमी छापून आली, ब्लॅकमेलची भीती मागे लागली. संगीताची चव बदलली, हिट थांबले, कर्ज वाढलं. आपल्या कल्पना चोरण्यासाठी कंपन्यांनी घरात चोरून माइक लावलेत असं त्याला वाटायला लागलं. नैराश्य होतं, गोळ्या होत्या, आणि राहणं, काम, झोप, भांडणं सगळं त्याच चार भिंतींत. स्टुडिओतून घरी जायची सोयच नव्हती.

३ फेब्रुवारी १९६७ ला त्या घरात त्याने बंदुकीने व्हायोलेट शेंटन यांचा जीव घेतला आणि नंतर स्वतःचा. तो ३७ वर्षांचा होता. 'टेलस्टार'च्या खटल्याचा निकाल त्याच्या बाजूने लागला, पण तो गेल्यानंतर. समलैंगिकतेबद्दलचा कायदाही त्याच वर्षी जुलैमध्ये सैल झाला.

झाडूचा किस्सा मला आता विनोदी वाटत नाही. स्टुडिओचा आवाज ज्यांच्या डोक्यावर पडायचा, त्या बाई मीकच्या चरित्रात तळटीप होऊन राहिल्या. त्याच्या कौशल्याचं कौतुक करताना हे लपवायचं कारण नाही, आणि त्याचा आजार हेच त्याच्या कलेचं गुपित होतं असं म्हणायचंही कारण नाही. चांगली रेकॉर्डं त्याने कानाने आणि मेहनतीने केली.

आपण काय घ्यायचं

पहिलं, माइकजवळ जा. अंतर निम्मं केलं की तुमचा थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. दोन फुटांवरून सहा इंचांवर आलात तर १२ डेसिबलचा फायदा, तोही एक रुपया न घालता. साध्या खोलीसाठी डायनॅमिक माइक बरा, तो आजूबाजूचं कमी टिपतो. पॉप फिल्टर मात्र लावा.

दुसरं, पैसे कुठे घालायचे तो क्रम. आधी बरा बंद हेडफोन, मग दोन इनपुटचा इंटरफेस, मग माइक आणि मजबूत स्टँड. सॉफ्टवेअरला घाई नको, ऑडासिटी फुकट आहे, मॅकवर गॅरेजबँड येतो, रीपर आधी वापरून पाहता येतं. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करून गा आणि समोर दोरीवर जाड गोधडी टांगा. बाथरूमचा एको हवा असेल तर तो फुकट आहेच.

तिसरं, गोधडी किंवा फोम खोलीतला घुमारा कमी करतो, खालच्या घरात जाणारा आवाज थांबवत नाही. बेसचा आवाज भिंती आणि स्लॅबमधून जातो. तो अडवायला वजनदार बांधकाम लागतं, ते बजेटमध्ये बसत नाही. म्हणून वेळा ठरवा, रात्री हेडफोन, आणि मिक्स एरवीही बोलण्याइतक्याच आवाजात करा. कान उशिरा थकतात.

चौथं, फाइलींना नाव आणि तारीख द्या आणि दुसऱ्या डिस्कवर कॉपी ठेवा. मीकच्या मागे चहाच्या लाकडी खोक्यांत भरलेल्या १८०० हून जास्त टेप उरल्या. त्या ३०० पौंडांना विकल्या गेल्या आणि त्यात नक्की काय आहे ते लावण्यात लोकांची वर्षं गेली.

आज ३०४, हॉलोवे रोडच्या भिंतीवर त्याच्या नावाची पाटी आहे. ब्रिटनमधल्या निर्मात्यांच्या संघटनेने २००९ मध्ये त्याच्या नावाने नव्या प्रयोगांसाठी पुरस्कार सुरू केला.

मी काय केलं, तर खालच्या मजल्यावरच्या काकूंना जाऊन विचारलं, कोणत्या वेळेला त्रास होतो? दुपारी दोन ते चार, त्या झोपतात. मला एवढंही माहीत नव्हतं. आता तेवढा वेळ माइक बंद असतो, आणि गाणं पूर्ण झालं की सगळ्यात आधी त्यांनाच ऐकवतो. ड्रम फार झाला हे त्यांना माझ्याआधी कळतं.