बर्फाचा अभ्यासक : फिन माल्मग्रेन

मुलांनो, समुद्राचे पाणी खारट असते हे तुम्हांला माहीत आहे. पण ते पाणी गोठले, तर त्याचा बर्फ खारट लागेल का? हा प्रश्न सोपा वाटतो. परंतु त्याचे उत्तर शोधण्यासाठी फिन माल्मग्रेन यांनी अनेक महिने बर्फावर काढले.

माल्मग्रेन यांचा जन्म १८९५ साली स्वीडन देशातील गॉथेनबर्ग शहरात झाला. ते हवामानशास्त्रज्ञ होते. १९२२ ते १९२५ या काळात ते आर्क्टिक महासागरात 'मॉड' या जहाजावर होते. हे जहाज बर्फात गोठून बर्फाबरोबरच वाहत जाई. कडाक्याच्या थंडीत माल्मग्रेन बर्फाचे तुकडे तपासत.

पाणी गोठताना मीठ बर्फाच्या स्फटिकांत शिरत नाही. खारे पाणी बर्फातील बारीक पोकळ्यांत कोंडले जाते. म्हणून नवा बर्फ खारट लागतो. पुढे हे पाणी हळूहळू पाझरून जाते. त्यामुळे जुना बर्फ वितळवून पिता येतो.

थंडी वाढली, की पोकळीतील थोडे पाणी गोठते. उरलेले पाणी अधिक खारट होते. ऊब मिळाली, की पोकळीच्या कडा वितळतात. बरीचशी उष्णता या वितळण्यातच खर्च होते. म्हणून असा बर्फ लवकर तापत नाही. गोड्या पाण्याचा पातळ बर्फ काचेसारखा तडकतो, तर समुद्राचा नवा बर्फ थोडा वाकतो. मात्र पोकळ्या वाढल्या, की तो कमजोर होतो. माल्मग्रेन यांनी समुद्रातील बर्फाच्या गुणधर्मांवरील आपला ग्रंथ १९२७ साली प्रसिद्ध केला.

पुढच्याच वर्षी ते 'इटालिया' या वायुनौकेतून उत्तर ध्रुवाकडे निघाले. २४ मे १९२८ रोजी ती ध्रुवावर पोहोचली. परतताना २५ मे रोजी ती बर्फावर आदळली. माल्मग्रेन यांच्या हाताला दुखापत झाली. बिनतारी संदेशांना उत्तर येत नव्हते. तेव्हा मदत आणण्यासाठी ते दोन इटालियन अधिकाऱ्यांबरोबर पायी निघाले. उन्हाळा सुरू झाला होता. बर्फ जागोजागी फुटत होता. सुमारे दोन आठवड्यांनी माल्मग्रेन यांच्या अंगात चालण्याचे बळ उरले नाही. आपल्यामुळे सोबत्यांचा जीव जाऊ नये, म्हणून त्यांनी त्यांना पुढे जाण्यास सांगितले. आईला देण्यासाठी आपले होकायंत्र त्यांच्या हाती दिले, असे सोबत्यांनी नंतर सांगितले.

जुलैमध्ये 'क्रासिन' या रशियन जहाजाने त्या दोघांना वाचवले. माल्मग्रेन मात्र कधीच सापडले नाहीत.

मुलांनो, समुद्रातील बर्फाचे अभ्यासक आजही त्यांच्या ग्रंथाचा आदराने उल्लेख करतात.