अळ्या पाळणारी चित्रकार

अळी दिसली की आपण काय करतो? फ्लॉवर मिठाच्या पाण्यात टाकतो आणि नाक मुरडतो. पण साडेतीनशे वर्षांपूर्वी जर्मनीत एक मुलगी अळ्या चक्क घरात पाळायची, त्यांना रोज ताजा पाला घालायची आणि त्यांची चित्रं काढायची. तिचं नाव मारिया सिबिला मेरियन.

मारियाचा जन्म १६४७ चा, फ्रँकफर्टमधला. वडील नावाजलेले प्रकाशक. ती तीन वर्षांची असतानाच ते गेले. आईने दुसरं लग्न केलं ते एका चित्रकाराशी, आणि त्याच्याकडे मारिया रंगकाम शिकली. तेराव्या वर्षी रेशमाच्या किड्यांपासून तिने सुरुवात केली. किडे चिखलातून, कुजक्या घाणीतून आपोआप होतात, असं तेव्हा बहुतेक लोक मानायचे. मारियाने अंडं, अळी, कोष आणि फुलपाखरू एकाच कागदावर काढलं, तेही ती अळी जो पाला खाते त्याच झाडावर!

लग्न झालं, दोन मुली झाल्या. न्यूरेंबर्गला ती मुलींना चित्रकला आणि भरतकाम शिकवायची. तिचं पहिलं पुस्तक फुलांचं; त्यातली चित्रं भरतकामाला नमुने म्हणून चालायची. १६७९ मध्ये अळ्यांचं पुस्तक आलं, १६८३ मध्ये त्याचा दुसरा भाग. प्रत्येकात पन्नास चित्रं.

संसार मात्र टिकला नाही. नवऱ्यापासून वेगळी होऊन ती शेवटी मुलींसह ॲमस्टरडॅमला आली. तिथल्या श्रीमंतांच्या संग्रहात परदेशातली सुंदर फुलपाखरं असायची, पण टाचणी टोचून मेलेली. ती कुठल्या अळीतून आली, काय खायची, हे कुणालाच ठाऊक नाही. मग १६९९ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, स्वतःची चित्रं विकून बाई धाकट्या डोरोथेआला घेऊन जहाजाने दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला निघाल्या!

तिथले डच मळेवाले हसायचे. साखर सोडून ही किडे काय शोधते? खरी माहिती तिला दिली ती तिथल्या मूळ रहिवासी आणि गुलाम बायकांनी. आपल्या अंगणातला शंकासूर आहे ना, त्याचं बी या बायका गर्भ पाडायला वापरत. आपलं मूल गुलाम म्हणून जन्माला येऊ नये, म्हणून. मारियाने तेही पुस्तकात लिहून ठेवलं. फुलाच्या चित्राशेजारी हे वाचताना काळजात चर्र होतं.

आजारपणामुळे १७०१ मध्ये ती परतली. पण राजाश्रय नाही, विद्यापीठ नाही; पुस्तक काढायचं कसं? तिने स्वतःच्या खर्चाने काढलं. चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरून घेतली, आगाऊ गिऱ्हाइकं मिळवली, झाडांच्या लॅटिन नावांसाठी कॉमेलिन या वनस्पतिशास्त्रज्ञाकडून टिपा लिहून घेतल्या. १७०५ मध्ये साठ चित्रांचं हे मोठं पुस्तक डच आणि लॅटिनमध्ये आलं. पहिलंच चित्र अननसाचं, त्यावर झुरळं! पुढे लिनियसने जीवांना नावं देताना तिच्या चित्रांचा आधार घेतला.

एका चित्रात पेरूच्या झाडावर कोळी पाखरू खातोय. हे थापा आहेत, असं नंतरच्या पुरुष मंडळींनी ठरवून टाकलं. १८६३ मध्ये बेट्स या निसर्ग अभ्यासकाने ॲमेझॉनच्या जंगलात आपण तसा कोळी पाहिल्याचं लिहिलं, तेव्हा कुठे ती खरी ठरली.

१७१७ च्या जानेवारीत मारिया गेली. अळ्यांच्या पुस्तकाचा तिसरा भाग अपुरा होता. तो त्याच वर्षी डोरोथेआने छापून बाहेर काढला.