यशवंताचे वडील

परमपूज्य बाबासाहेबांनी तीन गुरू मानले : भगवान बुद्ध, संत कबीर आणि महात्मा जोतीराव फुले. यांतील तिसरे गुरू आपल्या पुण्याचे, गंज पेठेतील रहिवासी. भिडेवाड्यातील १८४८ ची मुलींची शाळा, १८६८ मध्ये अस्पृश्यांसाठी खुला केलेला घरचा हौद, १८७३ चा सत्यशोधक समाज, हे सारे आपल्या वसतिगृहातील लहान विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. जोतीराव वडील म्हणून कसे होते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

ते नऊ महिन्यांचे असताना मातोश्री चिमणाबाई निवर्तल्या. सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना आईच्या मायेने वाढविले. पुढे शाळांच्या कामापायी लोकनिंदेला भिऊन वडील गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. रक्ताचे नाते कोठे अपुरे पडते आणि बिनरक्ताचे कोठे पुरून उरते, हे त्यांनी तरुणपणीच अनुभवले होते.

त्यांची पहिली साहित्यकृती म्हणजे १८५५ चे 'तृतीय रत्न' हे नाटक. त्यात एक गरोदर कुणबी स्त्री आहे. पोटातील बाळावर ग्रहांची पीडा आहे, अशी भीती घालून भटजी त्या अडाणी जोडप्याला दानधर्माच्या आणि कर्जाच्या खाईत लोटतो. मध्येमध्ये विदूषक येऊन हे कपट उघडे करीत राहतो. शेवटी नवराबायको शहाणी होतात आणि फुले दांपत्याच्या रात्रीच्या शाळेत जाण्याचे ठरवितात. ज्याच्या घरी पाळणा हलला नव्हता, त्या अठ्ठावीस वर्षांच्या लेखकाने आईबापाच्या काळजीवरच नाटक रचावे, हे मला फार बोलके वाटते. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले आणि लेखकाच्या हयातीत ते छापले गेले नाही. मराठी नाटकाच्या इतिहासात त्याला अजूनही हक्काचा पाट मिळालेला नाही.

१८६३ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसविल्या गेलेल्या विधवांनी येथे गुपचूप येऊन बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशा जाहिराती पुण्यात भिंतींवर लागल्या. तेथेच एका ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेला मुलगा या दांपत्याने आपला मानला. तो यशवंत. ज्या ब्राह्मणी वर्चस्वावर जोतीरावांची लेखणी आसुडासारखी चालत होती, त्याच जातीतील परित्यक्त मूल त्यांच्या मांडीवर वाढले. दुष्काळात १८७७ साली धनकवडीला उभारलेल्या बालाश्रमातील उपाशी पोरांनाही याच घराने आधार दिला.

माया आंधळी नव्हती. १० जुलै १८८७ च्या मृत्युपत्रात त्यांनी यशवंताला वारस केले. पण तो शिकला नाही, उनाड निघाला, तर शूद्र समाजातील लायक मुलगा निवडून वारसा त्याला द्यावा, अशी तजवीजही करून ठेवली. आजच्या पालकांना हे कलम कठोर वाटेल. मला त्यात पोटच्या मुलाकडून बाळगावी तेवढीच अपेक्षा दिसते. पोरक्या मुलाला दयेने सांभाळणारे पुष्कळ असतात, त्याच्याकडून पुरा हिशेब मागणारे थोडे.

१८८८ मध्ये पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू लुळी पडली. ठेकेदारीतील कमाई समाजकार्यात केव्हाच संपली होती. अशा स्थितीत डाव्या हाताने लिहून त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' १ एप्रिल १८८९ रोजी पुरे केले. त्यात त्यांनी एक कुटुंब कल्पिले आहे. घरातील स्त्रीने बौद्ध धर्मग्रंथ वाचून वाटल्यास तो धर्म स्वीकारावा, पतीने ख्रिस्ती व्हावे, मुलीने मुसलमान आणि मुलाने सत्यधर्मी. आणि सर्वांनी एकमेकांचा हेवा न करता एका छपराखाली प्रेमाने राहावे. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या ६७ वर्षे आधी एका मराठी लेखकाने आईच्या हाती बौद्ध ग्रंथ दिला होता, हे आपण विसरू नये. त्याच वर्षी ४ फेब्रुवारीला यशवंताचा विवाह ज्ञानोबा ससाणे यांची कन्या राधा हिच्याशी सत्यशोधक पद्धतीने झाला होता.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले आणि अंत्ययात्रेच्या वेळीच भाऊबंदांनी वाद घातला. दत्तक मुलाला टिटवे धरण्याचा अधिकार नाही, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या. त्यांनी स्वतः टिटवे हाती घेतले, त्या प्रेतयात्रेच्या अग्रभागी चालल्या आणि त्यांनीच अग्नी दिला. मयताच्या घरी मानपानाची भांडणे आपणही पाहतो. त्या काळी एका विधवेने ते भांडण असे मिटवावे, याला धैर्य लागते.

ज्याचा हक्क नाकारला गेला, त्या यशवंतानेच पुढच्या वर्षी, १८९१ साली, 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' छापून प्रसिद्ध केले. पुढे तो डॉक्टर होऊन लष्करी सेवेत गेला. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग शिरला, तेव्हा सावित्रीबाईंनी त्याला बोलावून घेतले आणि हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात माळरानावर दवाखाना सुरू झाला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका प्लेगग्रस्त मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून तेथे आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. मळ्यातल्या त्या दवाखान्यात रुग्णांना तपासत होता तो यशवंतच.