बॅरिस्टर जयकर आणि रस्त्यांचा निधी

मुकुंद रामराव जयकर यांनी उतारवयात इंग्रजीत लिहिलेल्या आत्मचरित्राचे दोन खंड प्रसिद्ध झाले. त्यांतील कथन १९२५ सालापाशी येऊन थांबते. त्यापुढील आयुष्यातील मोठ्या घटना, म्हणजे सप्रू-जयकरांची मध्यस्थी, गोलमेज परिषदा, १९३२ चा पुणे करार, यांचे उल्लेख इतरांच्या लेखनात विपुल आहेत. परंतु ज्या कार्याचा संबंध खेड्यातील गाडीवानापासून दिल्लीच्या अर्थखात्यापर्यंत सर्वांशी पोहोचतो, ते १९२७-२८ मधील रस्ते समितीचे अध्यक्षपद त्यांच्या चरित्रात बहुधा एका ओळीत आटोपले जाते. साहित्याच्या अभ्यासकाला हे स्वाभाविक वाटेल. सरकारी अहवाल हा काही चरित्राचा रसाळ भाग नव्हे. तथापि जयकरांच्या स्वभावाची ओळख जितकी त्या अहवालातून पटते, तितकी क्वचितच अन्यत्र पटेल.

जयकरांचा जन्म १८७३ साली मुंबईत पाठारे प्रभू कुटुंबात झाला. विलायतेत बॅरिस्टर होऊन त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली आरंभिली. वेदान्ताचा व्यासंग त्यांनी त्याच सुमारास जोपासला. जालियनवाला बाग प्रकरणी काँग्रेसने नेमलेल्या चौकशी समितीत गांधीजी, चित्तरंजन दास आणि अब्बास तय्यबजी यांच्यासमवेत ते होते. पुढे मुंबईच्या कायदेमंडळात ते स्वराज्य पक्षाचे नेते झाले. पण सरसकट अडवणुकीचे धोरण त्यांना मानवले नाही. केळकर-मुंजे यांच्याप्रमाणे त्यांनी प्रतियोगी सहकारितेचा मार्ग धरला. १९२६ मध्ये ते मध्यवर्ती विधानसभेत गेले, ते याच भूमिकेने : राज्य परक्याचे असले तरी जे काम देशाचे आहे ते हातचे सोडावयाचे नाही.

असे एक काम लवकरच समोर आले. १९१९ च्या सुधारणांनी रस्ते हा विषय प्रांतांच्या मंत्र्यांकडे सोपविला होता, आणि प्रांतांनी त्यांतील बहुतेक रस्ते जिल्हा लोकल बोर्डांच्या गळ्यात घातले होते. बोर्डांचे उत्पन्न मुख्यत्वे जमीन महसुलावरील उपकराचे. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी व लॉऱ्या वाढल्या. खडी-मुरुमाचे जुने रस्ते बैलगाडीच्या बेताने बांधलेले. मोटारीचे वेगवान रबरी चाक त्यांतील बारीक माती उपसून काढी, आणि सुट्या झालेल्या खडीत गाडीची लोखंडी धाव खोल चाकोऱ्या पाडी. परप्रांतीच्या लॉरीने फोडलेला रस्ता कुठल्या तरी तालुक्यातील शेतकऱ्याच्या उपकरातून दुरुस्त व्हावयाचा, हा अन्याय उघड होता. दुरुस्तीला पैसा पुरत नव्हता, हा अनर्थ त्याहून उघड होता.

१९२७ मध्ये कायदेमंडळाच्या दोन्ही सभागृहांतील सभासदांची समिती नेमण्यात आली आणि जयकर तिचे अध्यक्ष झाले. १९२८ च्या अहवालाने दोन गोष्टी मांडल्या. पहिली अशी, की रस्त्यांचा भार प्रांत व स्थानिक संस्था यांच्या शक्तीबाहेर गेला असून तो अंशतः मध्यवर्ती उत्पन्नावर पडणे योग्य आहे. दुसरी अशी, की तो पैसा रस्ता वापरणाऱ्याकडूनच, पेट्रोलवरील जादा करातून यावा. जो अधिक फिरतो तो अधिक पेट्रोल जाळतो. म्हणून पेट्रोल हेच वापराचे माप. नाक्यानाक्यावर पथकर घेण्याची यातायात नाही; कर बंदरावर किंवा तेल शुद्ध होते तेथेच वसूल व्हावयाचा. त्याप्रमाणे मार्च १९२९ मध्ये पेट्रोलवरील कर गॅलनमागे चार आण्यांवरून सहा आणे झाला. वाढीव दोन आणे स्वतंत्र खात्यात जमा होऊ लागले, आणि वर्षअखेरीस न खर्चलेली शिल्लक बुडणार नाही अशी तजवीज झाली.

या योजनेत वकिलाची दृष्टी स्पष्ट दिसते. कर हा एरवी प्रजेवरील हुकूम असतो. येथे तो करारासारखा झाला. वाहनधारकाने जादा दोन आणे द्यावयाचे, सरकारने ते रस्त्यावरच खर्चावयाचे, आणि प्रांतांनी पेट्रोलच्या खपाच्या प्रमाणात आपला वाटा घ्यावयाचा. परस्परांवर अविश्वास असलेल्या पक्षांना एका कागदावर आणण्याचे जे कौशल्य पुढे येरवड्यात दिसले, त्याचाच हा हिशेबी अवतार होय.

मात्र कराराला दोन छिद्रे होती. खपाच्या प्रमाणात वाटणी म्हणजे जेथे मोटारी अधिक तेथे पैसा अधिक. दरिद्री प्रांत मागे राहावयाचे. दुसरे छिद्र अधिक खोल. निधीचा ओघ मुख्यतः नवे रस्ते, पूल व मोठी सुधारणा यांकडे वळला. नित्याची डागडुजी प्रांतांच्या आणि बोर्डांच्या तिजोरीवरच राहिली, आणि १९२९ नंतरच्या मंदीत ती तिजोरी आटली. नव्या पुलाचे उद्घाटन होते; बुजविलेल्या खड्ड्याचे होत नाही. निधी राखून ठेवला तरी खर्चाची निवड राजकारणच करते, हे पेट्रोलचे माप सांगू शकत नव्हते.

समितीने सुचविलेल्या तज्ज्ञ मंडळातून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. १९५२ मध्ये दिल्लीला रस्ता संशोधन संस्था सुरू झाली. जयकर त्या वेळी पुण्याला होते. फेडरल कोर्ट आणि प्रिव्ही कौन्सिल येथील न्यायासने भूषवून ते पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले होते, आणि १९५६ पर्यंत त्या पदावर राहिले. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला पुढे त्यांचे नाव मिळाले. १९५९ मध्ये त्यांचे निधन झाले.

१९२९ चा निधी ठरावांवर उभा होता, कायद्यावर नव्हे. संसदेने त्याला कायद्याचा आधार दिला तो २००० साली. तोवर डिझेलवरही लिटरमागे एक रुपया उपकर बसला होता, आणि खेड्यांच्या रस्त्यांचा वाटाही ठरविण्यात आला. २०१८ च्या दुरुस्तीने निधीच्या नावात पायाभूत सुविधा आल्या व त्याची व्याप्ती रस्त्यांपलीकडे गेली. वापरणाऱ्याचा पैसा वापरलेल्या रस्त्यालाच परत मिळावा, हे मूळ कराराचे कलम अशा प्रत्येक विस्ताराबरोबर सैल होत जाते. वीजेवर धावणारी वाहने तर पेट्रोलचे मापच निरुपयोगी करतील. तेव्हा नवे माप शोधणाऱ्याला १९२८ च्या अहवालाकडे परतावे लागेल, आणि त्यात मोकळ्या राहिलेल्या डागडुजीच्या कलमापासूनच आरंभ करावा लागेल.