बालकांचे मूक दुःख जाणणारे जेम्स रॉबर्टसन

रुग्णालयात ठेवलेले मूल रडावयाचे थांबले म्हणजे ते रुळले, अशी आपणां वडीलधाऱ्यांची समजूत असते. मीही वर्गात गप्प बसणाऱ्या मुलास शहाणे मानीत आलो. ही समजूत खोटी ठरविणारे जेम्स रॉबर्टसन १९११ साली स्कॉटलंडातील एका कामकरी कुटुंबात जन्मले. महायुद्धकाळी लंडन येथे ॲना फ्रॉइड यांच्या बालगृहात त्यांनी भट्टी सांभाळण्याचे व डागडुजीचे काम पत्करले. पत्नी जॉइस तेथेच मुलांची निगा राखीत. पुढे ते मनोविश्लेषक झाले.

१९४८ पासून जॉन बोल्बी यांच्या हाताखाली ते रुग्णालयांतील बालकांचे निरीक्षण करू लागले. त्या काळी इंग्लंडात पुष्कळ ठिकाणी आईबापांस आठवड्यातून एकदाच, घटकाभर भेट मिळे. कारण काय, तर भेटीने मुले रडतात! रॉबर्टसन यांस दिसले ते निराळेच. मूल प्रथम आक्रोश करी, मग खचे आणि अखेरीस आईकडेही पाहीनासे होई. परिचारिका यासच सुधारणा समजत.

सांगून कोणास पटेना, तेव्हा त्यांनी स्वतः कॅमेरा हाती घेतला. हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस राहिलेल्या दोन वर्षांच्या लॉराचे चित्रण करताना भिंतीवरील घड्याळही दिसेल अशी दक्षता घेतली; निवडक क्षणच टिपले, असे कोणी म्हणू नये. लॉरा फारशी रडत नाही. रडे आवरू पाहते, आणि तेच बघवत नाही. १९५२ साली हा चित्रपट पाहून लंडनचे अनेक डॉक्टर संतापले.

१९५९ मध्ये सरकारी प्लॅट समितीने मुक्त भेटीची शिफारस केली. रुग्णालये तरीही रेंगाळली. तेव्हा १९६१ साली काही मातांनीच संघटना उभारली. रॉबर्टसन १९८८ मध्ये निवर्तले.