मेरी एलायझा महोनी यांचे चरित्र

हिंगोली जिल्ह्यातील गोरेगाव व आसपासच्या खेड्यांत मंडळ्यांस भेटी देत असता आम्हांस आईबाप पुष्कळदा एकच प्रश्न विचारतात. मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेऊ म्हणते. परंतु आपल्यासारख्यांच्या लेकीस मोठ्या इस्पितळात झाडलोटीच्या पलीकडे कोण जाऊ देणार? हा प्रश्न मनात ठेवून वाचकांनी पुढील चरित्र वाचावे, अशी आमची विनंती आहे.

मेरी एलायझा महोनी यांचा जन्म १८४५ साली अमेरिकेतील बॉस्टन शहरी झाला. त्यांचे आईबाप काळ्या वर्णाचे होते. पूर्वीच्या गुलामगिरीतून मुक्त होऊन ते नॉर्थ कॅरोलायना प्रांतातून उत्तरेस आले होते. त्या देशात गुलामगिरी १८६५ साली कायद्याने बंद झाली. परंतु बेडी तुटली तरी वर्णाचा तिरस्कार तुटला नाही. काळ्या स्त्रीने लोकांचा स्वयंपाक करावा व धुणे धुवावे, अशीच सर्वांची समजूत होती.

बॉस्टन येथे १८६२ साली स्त्रिया व मुले यांच्यासाठी न्यू इंग्लंड इस्पितळ स्थापन झाले. तेथील डॉक्टरही स्त्रियाच होत्या. या इस्पितळात मेरीबाईंनी सुमारे १५ वर्षे स्वयंपाक केला, कपडे धुतले व फरश्या पुसल्या. परिचारिका होण्याची इच्छा मात्र त्यांनी सोडली नाही. १८७८ साली, वयाच्या ३३व्या वर्षी, त्याच इस्पितळाच्या परिचारिका-शाळेत त्यांस प्रवेश मिळाला.

अभ्यासक्रम १६ महिन्यांचा होता. पहाटे साडेपाचपासून रात्री साडेनऊपर्यंत काम चाले. शस्त्रक्रियेचे रोगी, बाळंतिणी, तापकरी, सर्वांची शुश्रूषा शिकावी लागे. हे कष्ट न सोसून बहुतेक विद्यार्थिनी निघून गेल्या. अखेरपर्यंत टिकल्या त्या मोजक्याच. त्यांत मेरीबाई होत्या. १८७९ साली त्यांस सनद मिळाली. अशी सनद मिळवणाऱ्या अमेरिकेतील काळ्या वर्णाच्या त्या पहिल्या परिचारिका होत.

पुढे अनेक वर्षे त्यांनी घरोघरी जाऊन रोग्यांची सेवा केली. काळ्या परिचारिकेस मोलकरीण समजून तिजकडून घरकामही करून घेण्याची रीत होती. मेरीबाईंनी आपल्या विद्येचा मान राखला आणि रोग्याच्या सेवेत उणीव पडू दिली नाही. त्यांच्या कौशल्याची कीर्ती दूरवर पसरली.

एवढ्यावर त्या थांबत्या तर हे चरित्र आम्ही लिहिले नसते. आपण आत आलो, पण आपल्या बहिणी बाहेरच आहेत, हे त्या विसरल्या नाहीत. अनेक प्रांतांतील परिचारिका-संघ काळ्या परिचारिकांस सभासद करून घेत नसत. म्हणून १९०८ साली मार्था फ्रँकलिन यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्क येथे ५२ परिचारिकांनी आपली राष्ट्रीय संस्था स्थापन केली. या कार्यास मेरीबाईंचा भरभक्कम पाठिंबा होता. १९०९ साली बॉस्टन येथे तिची पहिली परिषद भरली, तेव्हा स्वागताचे भाषण त्यांनीच केले व परिचारिकांच्या शिक्षणातील विषमतेवर बोट ठेवले. संस्थेने त्यांस आजन्म सभासद केले आणि प्रार्थना चालवण्याची धर्मसेवाही त्यांजकडे सोपवली.

४ जानेवारी १९२६ रोजी मेरीबाई निवर्तल्या. १९३६ पासून त्यांच्या नावे पारितोषिक दिले जाऊ लागले. १९५१ साली ती वेगळी संस्था अमेरिकेच्या सर्वसाधारण परिचारिका-संघात विलीन झाली, कारण तोवर त्या संघाचे दार काळ्या परिचारिकांस उघडले होते. तथापि वरच्या पदांवर त्यांची संख्या वाढवण्याचे काम तेथे अजून संपलेले नाही.

प्रिय वाचकहो, आपल्या महाराष्ट्रातही मिरजेच्या मिशन इस्पितळात १८९७ सालीच परिचारिकांची शाळा सुरू झाली. तेव्हा मार्ग नवा नाही. मुलीस बारावीपूर्वी शाळेतून काढू नका. परिचारिका झाल्यावर तिला आणखी शिकू द्या; तिने शिक्षिका व्हावे, मुख्य परिचारिका व्हावे. आणि जी पुढे गेली, तिने मागच्या बहिणीस हात द्यावा. दयाळू शोमरोन्याने जखमी माणसाची जात विचारली नाही. मग सेवा करणाऱ्या हातांची जात आपण का विचारावी? आपल्या मंडळ्यांतून अशा कन्या निघोत, हीच आमची प्रभूजवळ प्रार्थना.