आठ वर्षं न हरलेल्या कॅपाब्लांकाला रेतीनं कोपऱ्यातून गाठलं

बुद्धिबळ शिकताना पहिली गोष्ट काय सांगतात? मधली प्यादी पुढे काढा, पटाचा मध्य ताब्यात घ्या. शंभर वर्षांपूर्वी तर हा नियम जवळपास धर्मच होता. तो मोडला रिचर्ड रेतीनं.

रेतीचा जन्म १८८९ चा, पेझिनोकचा. तेव्हा हे गाव ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं, आज स्लोव्हाकियात आहे. भाऊ व्हिएन्नाला गेला गणित शिकायला आणि रमला बुद्धिबळात. १९२० ला गोथेनबर्गची स्पर्धा जिंकली आणि १९२२ मध्ये खेळातल्या नव्या विचारांवर पुस्तकही लिहिलं.

त्याचं म्हणणं असं की, मध्यावर प्यादी नेऊन बसवायची घाई कशाला? दोन्ही उंट बाजूनं काढा आणि लांबूनच मध्यावर दाब ठेवा. समोरच्यानं तिथं प्यादी आणली, तर तीच त्याचं ओझं होतील.

बोलायला सोपं होतं, पण समोर कॅपाब्लांका असला तर?

मार्च १९२४, न्यूयॉर्क. क्यूबाचा कॅपाब्लांका जगज्जेता होता आणि १९१६ नंतर एकही स्पर्धेचा डाव हरला नव्हता. रेतीनं पहिल्या चालीत राजाच्या बाजूचा घोडा काढला, मग वजिराकडची प्यादी सरकवली आणि दोन्ही उंट लांब तिरक्या रेषांवर बसवले. मध्याला हात लावला तो थेट सोळाव्या चालीला. पुढं त्याच्या हत्तींनी उघडी रांग धरली आणि ३१ व्या चालीनंतर कॅपाब्लांकानं डाव सोडला.

गंमत म्हणजे ही स्पर्धा रेतीनं जिंकलीच नाही. पहिला आला लास्कर, रेती पाचवा. पण त्या सुरुवातीला आजही 'रेती ओपनिंग' म्हणतात.

दुसऱ्याच वर्षी साओ पाउलोत पट न बघता तो एकाच वेळी २९ जणांशी खेळला. फक्त २ डाव हरला. त्याआधी १९२१ मध्ये त्यानं एक कोडं रचलं होतं. दोन राजे, दोन प्यादी, बस्स. पांढरा राजा तिरका चालतो, एकाच वाटेनं दोन कामं साधतो आणि हरलेला डाव बरोबरीत सुटतो. एकदा मांडून बघाच, डोकं चक्रावतं.

जून १९२९ मध्ये प्रागला स्कार्लेट फीव्हरनं तो गेला. चाळिशी पूर्ण होऊन जेमतेम नऊ दिवस झाले होते. मोठमोठ्या खेळाडूंवरचं त्याचं शेवटचं पुस्तक त्याच्या माघारी छापून आलं.